पासष्टी भरली! सवलतीचं कार्ड पुरेपूर कसं वसूल करावं?

एक_जूनवाला

नमस्कार मंडळी.

परवा १ जूनला मला पासष्ट पूर्ण झाली. कागदोपत्री, बरं का. आई सांगायची, तू धनत्रयोदशीच्या पहाटे झालास, त्या गडबडीत दाराशी पणती लावायचीही राहिली. पण शाळेत घालताना गुरुजींनी अर्ध्या वर्गाला लावली तीच एक जून मलाही लावून टाकली. त्या एक जूनने मला नोकरीतून पाच महिने आधी घरी बसवलं. ३१ मे २०१८ ला आमच्या कार्यालयातले आम्ही चौघे एकदम निवृत्त झालो. चौघांत मिळून एक समारंभ, एक भाषण, नारळ तेवढे चार. आता तीच तारीख मला पाच महिने आधी ज्येष्ठ नागरिक करते आहे. तेव्हा गुरुजींकडून वसुली सुरू करावी म्हणतो.

घरची परिस्थिती अशी. महिलांना एसटीत अर्धं तिकीट झाल्यापासून (१७ मार्च २०२३, तारीख पाठ आहे) साताऱ्याहून पुण्याला लेकीकडे जायचं तर सौ. हाफ आणि मी फुल्ल. दोघांचं मिळून दीड तिकीट. सव्वादोन वर्षं कंडक्टरने "एक फुल्ल, एक हाफ" म्हटलं की सौ. खिडकीबाहेर बघून हसते.

आता विचारायचं ते असं: कार्ड नेमकं कुठलं काढायचं, ते कुठे कुठे चालतं आणि कुठे नुसतंच खिशात फिरतं? मुलगा म्हणतो, "बाबा, पेन्शन आहे ना, कशाला त्या पन्नास-शंभर रुपयांच्या मागे." त्याला सप्रमाण उत्तर द्यायचं आहे. अनुभव येऊ द्या.

काडीपेटी

धनत्रयोदशीला झालेला माणूस सवलत शोधणारच. तुमचा काही दोष नाही काका.

खिडकीची_सीट

अभिनंदन! एसटीसाठी वेगळं कार्ड काढायच्या भानगडीत पडू नका. आधार दाखवा, बास. मतदार ओळखपत्र, पॅन, पासपोर्ट, लायसन्स यांपैकी काहीही चालतं, मोबाइलमधलं डिजिलॉकर किंवा एम-आधारही चालतं. पासष्ट ते पंच्याहत्तर अर्धं तिकीट, पंच्याहत्तर पूर्ण झाली की फुकट. ही फुकटवाली अमृत ज्येष्ठ नागरिक योजना २६ ऑगस्ट २०२२ पासून आहे. मधल्या काळात स्मार्ट कार्ड आणि वर्षाला ४००० किलोमीटरची मर्यादा असं एक प्रकरण होतं, आठवत असेल. आमचे सासरे डायरीत किलोमीटर लिहून ठेवायचे. मार्चमध्ये दोनशे उरले होते म्हणून उगाच वाईला जाऊन आले.

एक लक्षात ठेवा. ही सवलत एसटीची. पुण्यामुंबईच्या शहर बसला ती लागू नाही, त्यांचे पास वेगळे, नियम वेगळे.

सुपारी_कातरून

>> मार्चमध्ये दोनशे उरले होते म्हणून उगाच वाईला

हसून हसून मेलो. सरकारी अनुदान आर्थिक वर्ष संपायच्या आत खर्च करायचं, ही सवय जात नाही.

सातबारा

काका, आधी आधार कार्ड हातात घ्या आणि जन्मतारखेची ओळ बघा. गंमत नाही करत. सुरुवातीच्या काळात काढलेल्या कित्येक आधारांवर नुसतं साल आहे, दिवस-महिना नाही. साठी-सत्तरीच्या पुढच्यांना जन्माचा दाखला कुठून असणार? जे सांगितलं ते साल टाकलं. मग वयाच्या काठावर असताना पंचाईत होते. तुम्ही म्हणता पूर्ण झाली, समोरचा म्हणतो कशावरून.

तुमची एक जून आहे म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला असणार आणि सगळीकडे तीच लागली असणार. तशीच राहू द्या. काही लोकांना म्हातारपणी सत्याचा पुळका येतो आणि ते खरी तारीख लावायला निघतात. आधारवर जन्मतारीख एकदाच बदलता येते. एकदा बदललीत आणि पॅन, पेन्शन, बँक यांच्याशी जुळेना झालं, तर पुढची दोन वर्षं त्यातच. तिथी खरी असली तरी घरात ओवाळून घ्यायला ठेवा. कागदावर सगळीकडे एकच खोटी तारीख असलेली बरी.

ज्यांच्याकडे काहीच धड पुरावा नाही त्यांच्यासाठी 'आपले सरकार' या संकेतस्थळावर ज्येष्ठ नागरिक प्रमाणपत्राचा अर्ज करता येतो, सेतू केंद्रातूनही होतो.

आलेपाक

+१. आमच्या घरात सासरे, चुलत सासरे, मोठे दीर आणि शेजारचे काका, चौघेही एक जूनचे. फॅमिली ग्रुपवर त्या दिवशी एकच केकचं चित्र टाकते आणि खाली "सर्वांना" लिहिते.

काडीपेटी

आमच्या वडिलांची सहा जून आहे. त्यांना वाटतं आपले गुरुजी जरा जास्त शिकलेले होते.

मनीप्लांट

या देशात माणूस एकदम म्हातारा होत नाही, हप्त्याहप्त्याने होतो. मी सासूबाईंची फाइल करताना हे सगळं शोधलं होतं म्हणून लिहिते.

बायकांना रेल्वेत लोअर बर्थसाठी पंचेचाळीसलाच ज्येष्ठ धरतात (मी स्वतः त्यात बसते, आणि नाही, मला वाईट वाटत नाही). साठीला २००७ च्या कायद्याने ज्येष्ठ नागरिक, बँकेत ठेवीवर बहुतेक ठिकाणी अर्धा टक्का जास्त, आयकरात वेगळी वागणूक, विमानात मूळ भाड्यावर सवलत. पासष्टला एसटी. मुंबईत मेट्रो २ अ आणि ७ वर पासष्टच्या पुढच्यांना पासवर २५ टक्के सूट आहे. सत्तरला आयुष्मान वय वंदना, म्हणजे दवाखान्याच्या उपचारांचं कार्ड. पंच्याहत्तरला एसटी फुकट. ऐंशीला आयकराच्या जुन्या पद्धतीत अतिज्येष्ठ, पाच लाखांपर्यंत कर नाही. आणि पंच्याऐंशीला मतदानाची पेटी घरी येते.

आणि सगळ्यात मजेचं म्हणजे पासपोर्ट. नवीन पासपोर्टच्या फीमध्ये १० टक्के सूट कुणाला, तर साठीच्या पुढच्यांना आणि आठ वर्षांच्या आतल्यांना. मी सासूबाई आणि माझी भाची यांचे अर्ज एकाच दिवशी भरले. दोघींनाही फोटो काढताना "सरळ बघा" असं चारदा सांगावं लागलं.

रोखठोक

सगळे आनंदात आहेत म्हणून जरा मिठाचा खडा टाकतो. धागाकर्त्यांना पेन्शन आहे. घर स्वतःचं असणार. मुलं मार्गी लागलेली. मग अर्ध्या तिकिटाचे पैसे कोण भरतं? एसटीला ती रक्कम सरकार देतं, म्हणजे तुम्ही-आम्ही, म्हणजे खाजगी नोकरीत घासणारा, उद्या पेन्शन नसणारा माझ्यासारखा माणूस. ज्याला खरंच गरज आहे त्याने जरूर घ्यावी. पण नुसतं वय झालं म्हणून? चाळीस-पन्नास हजार पेन्शनवाल्याने हाफ तिकीट मागायला थोडं तरी अवघडायला हवं, असं माझं मत. हलके घ्या.

सुपारी_कातरून

आली काडी. आता धागा शंभरी गाठणार.

लोअर_बर्थ

@रोखठोक, तुमच्या मनासारखं रेल्वेत आधीच होऊन गेलंय. तिकीट काढताना "मी सवलत सोडतो" असा पर्याय होता, २०१७ पासून अर्धी सोडायचीही सोय होती. मी इमाने इतबारे अर्धी सोडायचो. मग २० मार्च २०२० ला कोरोनात सगळ्यांचीच पूर्ण सुटली ती आजतागायत. आधी पुरुषांना साठीपासून ४० टक्के होती आणि बायकांना अठ्ठावन्नपासून ५०. दिव्यांग, काही ठरावीक आजारांचे रुग्ण आणि विद्यार्थी यांच्या सवलती मात्र चालू आहेत, हे पुष्कळांना माहीत नसतं. घरात कुणाला कॅन्सर किंवा डायलिसिस असेल तर चौकशी करा. तिथे सोबत्यालाही सूट मिळते.

धागाकर्त्यांसाठी कामाचं: पैसे गेले पण लोअर बर्थचा कोटा शाबूत आहे. पुरुष साठ, स्त्रिया पंचेचाळीस. अट एकच आणि तिथेच सगळे गंडतात. त्या तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी हवेत आणि दोघंही त्या वयातले हवेत. आपण प्रेमाने नातवाचं नावही त्याच तिकिटात घालतो, की कोटा गेला. मग आजी वरच्या बर्थकडे बघत बसते आणि नातू खाली पाय पसरून. नातवाचं तिकीट वेगळं काढा.

मनीप्लांट

@रोखठोक, मुद्दा चुकीचा नाही, पण उत्पन्नाचा दाखला मागायला लागलं की पहिल्यांदा कोण गळतं माहीत आहे का? ज्याला खरी गरज आहे तोच. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टच्या पुढच्यांना चष्मा, काठी, श्रवणयंत्र अशा गोष्टींसाठी एकदा ३००० रुपये मिळतात, उत्पन्नाची मर्यादा दोन लाख. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या सासूचा अर्ज मी भरला. बाईंचं बँक खातं होतं पण आधारशी जोडलेलं नव्हतं, नावात एक काना जास्त होता, अंगठ्याचे ठसे घासून गेलेले. जन्मभर भांडी घासली की यंत्राला बोट लागत नाही. पाच खेपा. पेन्शनवाला काका एका खेपेत काम करून येतो.

वय विचारून सोडून देणं हेच त्यातल्या त्यात सोपं.

तारेवरची_तिकिटं

मी सहसा नुसती वाचते, पण यावर लिहावंसं वाटलं.

माझे वडील एकोणऐंशी वर्षांचे. कराडला एकटे राहतात. आई गेल्यावर वर्षभर घराबाहेर पडले नाहीत, पेपर आणायलाही नाही. मग फुकट तिकिटाची योजना आली. शेजाऱ्यांनी नेटाने एकदा बसमध्ये बसवलं. तेव्हापासून दर बुधवारी बाबा पाटणला जातात. काम काहीच नाही. तिथे त्यांचे एक जुने सहकारी आहेत, तेही ऐंशीच्या घरात. दोघं स्टँडवरच भेटतात, चहा घेतात, भांडतात, आणि बाबा पुढच्या गाडीने परत.

कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो. देतोच, आणि ते घ्यायचंच, कारण तपासणीला कुणी चढलं तर लागतं. बाबा ती सगळी तिकिटं देवघराच्या बाजूच्या तारेला टोचून ठेवतात, पूर्वी वाण्याची बिलं ठेवायचे तशी. गेल्या दिवाळीत मी ती तार साफ करायला घेतली. त्या मशीनच्या कागदावरची शाई टिकत नाही ना, खालची सगळी तिकिटं कोरी झालेली. मी म्हटलं, "बाबा, टाकू का हे? यावर काहीच नाही." म्हणाले, "आधी पण शून्यच होतं. राहू दे."

पैशांचा प्रश्न असता तर ते तिकीट काढून गेले नसते का? पेन्शन आहे त्यांनाही. पण तिकीट काढून जायला काहीतरी काम लागतं.

आलेपाक

काय लिहिलंयस गं. लिहीत जा.

खिडकीची_सीट

वरच्या प्रतिसादानंतर काही लिहू नये खरं, पण पुन्हा व्यवहारावर येतो. फुकट प्रवास राज्याच्या हद्दीपर्यंतच. माझे मामा कोल्हापूरहून बेळगावला निघाले, आमच्या महामंडळाची गाडी आहे म्हणून निवांत बसले. कंडक्टरने समजावून सांगितलं की कागलपर्यंत हद्द आपली, पुढचं तिकीट पडणार. मामा म्हणाले, "बेळगाव पण आपलंच आहे की!" अख्खी गाडी हसली. कंडक्टर म्हणाला, "मामा, ते मशीनला अजून कळलेलं नाही."

सुपारी_कातरून

या कंडक्टरला विधान परिषदेवर घ्या.

प्लेटलेट

लॅबवाल्या सवलतींबद्दल लिहिते, कारण मी एका लॅबमध्येच सात वर्षं काउंटरला होते (नाव विचारू नका).

एक, बिल व्हायच्या आधी सांगा. काउंटरवर रांग असते, मुलगी नाव, वय, डॉक्टरचं नाव टाइप करते. वय ६७ टाइप झालं म्हणजे सूट आपोआप लागली असं समजू नका. पुष्कळ ठिकाणी ती वेगळी लावावी लागते. पावती निघाल्यावर काका कार्ड काढतात, मग बिल रद्द करा, वरिष्ठांची परवानगी घ्या, मागची रांग ओरडणार. काका म्हणतात, जाऊ दे. आमच्याकडे रोज असे पाच-सहा "जाऊ दे" व्हायचे.

दोन, ज्येष्ठांची सूट हीच सगळ्यात मोठी असं अजिबात नाही. ज्येष्ठांना दहा टक्के आणि त्याच आठवड्यात सगळ्यांसाठी पॅकेजवर तीस टक्के, असं सर्रास चालतं. दोन्ही एकत्र मिळत नाहीत. म्हणून "ज्येष्ठ नागरिकांना किती सूट?" असं न विचारता "या तपासण्या सगळ्यात कमी पैशांत कशा बसतील?" असं विचारा. विमानाचं पण तेच. ज्येष्ठांची सवलत मूळ भाड्यावर असते, वरचे कर आणि बाकीचे आकार तसेच. सेलमधलं साधं तिकीट कित्येकदा स्वस्त पडतं.

तीन, पॅकेज स्वस्त मिळालं म्हणून नको त्या बावीस तपासण्या करू नका. काहीतरी वर-खाली निघतंच आणि मग झोप जाते.

एक_जूनवाला

वा, धागा काढल्याचं सार्थक झालं. @सातबारा, आधार बघितलं. माझ्यावर पूर्ण तारीख आहे. सौ.च्या कार्डावर नुसतं साल! तिला पासष्टला अजून तीन वर्षं आहेत आणि तसंही तिला हाफच आहे, पण आत्ताच करून घेतो.

@रोखठोक, मी दोन दिवस विचार केला. तुमचं म्हणणं टोचलं, खोटं कशाला बोलू. पण पाच महिन्यांचा पगार मी गुरुजींच्या कृपेने आधीच सोडलेला आहे. तो फिटेपर्यंत घेतो, मग बघू.

सौ. विचारते आहे, महिला म्हणून हाफ आणि ज्येष्ठ म्हणून हाफ, मग तिला पासष्टनंतर पाव तिकीट पडेल का?

खिडकीची_सीट

हाहाहा. नाही हो काका. एका वेळी एकच सवलत. काकूंना म्हणावं थेट पंच्याहत्तरला फुकट.

डबलबेल

कुणीच बोलत नाही म्हणून मीच बोलतो. वय अडुसष्ट, प्रोस्टेट. सवलत अर्धी मिळते पण मूत्राशयही अर्धंच राहिलेलं असतं. सहा तासांच्या गाडीचं हाफ तिकीट काढून बसायचं, आणि दुसऱ्या तासापासून पुढच्या थांब्याची आळवणी. मी आता सरळ टप्पे पाडतो. सातारा ते पंढरपूर एका दमात न करता मध्ये उतरायचं, हातपाय मोकळे करायचे, पुढची गाडी पकडायची. अर्ध्या तिकिटात परवडतं. सवलतीचा खरा उपयोग मला तरी हा झाला. पूर्वी पैसे वाचवायला थेट गाडी धरून बसायचो.

आणि सकाळची पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी प्रवासाच्या दिवशी कधी घ्यायची ते डॉक्टरला विचारून ठेवा. मी मनानेच बंद केली होती, पायांना सूज आली, बोलणी खाल्ली.

काडीपेटी

आयडी सार्थ आहे. दोनदा घंटी मारली की गाडी सुटते.

डबलबेल

एकदा मारली की थांबते. तीच जास्त महत्त्वाची.

नाडीपरीक्षा

सत्तरी जवळ आलेल्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड तब्येत ठणठणीत असताना काढून ठेवा. २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालंय. सत्तर पूर्ण असली की उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. नवरा-बायको दोघं सत्तरीचे असले तरी पाच लाख दोघांत मिळून. आयुष्मान अ‍ॅपवर आधारने होतं, ओटीपी येतो. तेव्हा आधारला जोडलेला मोबाइल चालू असलेला बघा. दहा वर्षांपूर्वीचा, मुलाने केव्हाच बंद केलेला नंबर जोडलेला असतो आणि मग सगळं अडतं. नुसतं साल असलं किंवा नंबर जुना असला तर दोन्ही कामं एकाच खेपेत करून घ्या.

गैरसमज नको: हे दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. रोजच्या ओपीडीच्या गोळ्यांचे पैसे यातून सुटत नाहीत. दवाखाना योजनेत आहे का आणि आपला आजार तिथे बसतो का, हे आधी विचारा. केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस असेल तर दोन्हींतलं एकच निवडावं लागतं. खाजगी विमा असला तर मात्र हे जास्तीचं म्हणून घेता येतं.

मध्यरात्री, आयसीयूच्या दारात, आधारच्या ओटीपीसाठी सिमकार्ड शोधणारी माणसं मी पाहिली आहेत. एवढंच.

सुपारी_कातरून

बँकेचं राहिलं. ठेवीला अर्धा टक्का जास्त मिळतो, पण जोडखात्यात पहिलं नाव ज्येष्ठाचं असावं लागतं. आणि साठ व्हायच्या आधी केलेली ठेव मध्येच साठी झाली म्हणून आपोआप वाढत नाही, मुदत संपून नव्याने करावी लागते. व्याजावरची कराची कापणी (टीडीएस) आता वर्षाला एक लाख व्याजाच्या पुढे. संपलं. याच्यापेक्षा जास्त लिहिलं तर धागा अर्थ विभागात हलवतील.

रोखठोक

परवा एक माणूस आमच्या सोसायटीत आला होता. "ज्येष्ठ नागरिक सर्व सुविधा कार्ड", एसटी, रेल्वे, दवाखाना सगळीकडे सूट म्हणे, फी पाचशे, आधारची झेरॉक्स आणि अंगठा. चार घरांनी काढलं पण. रेल्वेत सूटच नाही तर कार्डावर कुठून येणार, एवढं विचारलं तर जिना उतरून गेला. इथले प्रतिसाद वाचलेले होते म्हणून विचारता आलं. अंगठा कुणालाही देऊ नका.

आणि, अं, @सातबारा, माझ्या आईच्या आधारवर नुसतं साल आहे. ती चौऱ्याहत्तरची का पंच्याहत्तरची यावर घरात मतभेद आहेत. नुसत्या सालावर फुकट तिकीट कधीपासून धरायचं? बहिणीकडे बार्शीला जायचं म्हणते आहे.

काडीपेटी

या, या. बसा. खिडकी हवी का?

सातबारा

अहो त्यांना चिडवू नका रे. @रोखठोक, भांडत बसण्यापेक्षा तारीख घालून घ्या. आईंचा शाळेचा दाखला निघतो का बघा. चौथीपर्यंत जरी शिकल्या असतील तरी त्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नोंद असते, मुख्याध्यापकांकडे अर्ज करायचा. जुनी रजिस्टरं कपाटात असतात, शोधायला एक दिवस लागेल, पण सापडतात. तोवर बार्शीला हाफ तिकिटात जाऊ द्या. पासष्टीच्या वर आहेत याबद्दल तरी घरात एकमत असेल.

रोखठोक

आहे. धन्यवाद. मनापासून.

एक_जूनवाला

मंडळी, उद्घाटन झालं! वृत्तांत देतो.

रविवारी सकाळी साताऱ्याहून स्वारगेटची गाडी धरली. मी सकाळपासूनच आधार वरच्या खिशात ठेवलं होतं, सौ. म्हणाली असं ठेवलंय की जणू निवडणुकीला उभे आहात. कंडक्टर तरुण पोरगा. मी कार्ड पुढे केलं. त्याने नुसतं वर बघितलं आणि मशीनमध्ये बोटं घातली. मी म्हटलं, "अहो, तारीख तरी बघा." पासष्ट वर्षं वाट बघून कार्ड दाखवायचं आणि समोरच्याने केसांकडे बघून पास करायचं म्हणजे काय? मग त्याने कार्ड हातात घेतलं, नीट वाचलं आणि म्हणाला, "एक जून? आमचे आबा पण एक जूनच. गुरुजींचीच का?"

म्हटलं, गुरुजींचीच.

तिकीट फाडून दिलं. दोन हाफ. म्हणजे दोघांचं मिळून एक. चाळीस वर्षांच्या संसारात सौ.ने आणि मी बऱ्याच गोष्टी अर्ध्या-अर्ध्या केल्या, तिकीट पहिल्यांदाच. तिने ते माझ्या हातातून घेतलं आणि पर्समध्ये टाकलं. वाचलेल्या पैशांचा हिशेब मुलाला दाखवणार होतो, पण ते खंबाटकीच्या अलीकडेच वडापाव-चहात गेले.

मनीप्लांट

मस्त! आणि खिडकी कुणाला मिळाली?

एक_जूनवाला

हा काय प्रश्न झाला?